आठ बाराची नोंद

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सांगायच्या संधी आल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. एका शुक्रवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर दोन ओळींची अदलाबदल केली आणि एक बटण दाबलं. त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी बसला, आणि मी तो बसू दिला.

फोन वाजला तेव्हा मी जेवायचा डबा उघडत होतो. दीड वाजून गेला होता. फोनवर आमचे डायरेक्टर तायडे साहेब होते.

"वानखडे, उद्या मुंबईचे पाहुणे येणार आहेत. ते औषधाचं पान दाखवायचं आहे त्यांना. त्यात पहिलं नाव साध्या फवारणी पंपाचं का आहे?"

"आधीपासून तसंच आहे साहेब."

"पेट्रोल पंपाचं वर घ्या. गावोगावच्या गटांना पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप त्यांनीच दिलेत. त्यांना आपली वस्तू खाली दिसायला नको."

"युनूस आला की सांगतो."

"युनूस कशाला पाहिजे एवढ्याला? तुम्ही सिस्टम इनचार्ज आहात ना?"

मी हो म्हटलं आणि डबा तसाच उघडा ठेवून युनूसच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची संस्था अकोल्यात होती. नाव सांगत नाही, ती आता राहिलेली नाही. माझं घर अमरावतीला. बडनेरा ते अकोला असा रेल्वेचा पास होता. वऱ्हाडाची ती वर्षं वाईट होती. पेपर उघडावासा वाटत नसे. शेतकऱ्यासाठी काहीतरी केलं पाहिजे असं तेव्हा बाहेरच्या लोकांनाही वाटत होतं, आणि त्यातूनच आमच्यासारख्या संस्था उभ्या राहिल्या. आमचं काम पीकसल्ल्याचं. पातूरपासून धारणीपर्यंत आमची केंद्रं होती. प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक ऑपरेटर.

ही सगळी केंद्रं एका विकीवर चालत. विकी म्हणजे अशी वेबसाइट, की जिची पानं वाचणाऱ्याला लिहिताही येतात. पातूरच्या ऑपरेटरनं लिहायचं, 'तुरीवर अळी दिसली', आणि धारणीच्या ऑपरेटरनं त्याच पानावर खाली लिहायचं, 'इकडे अजून नाही'. आम्ही तिला शिवारवही म्हणत असू. विकीचा एक गुण असा की ती काही विसरत नाही. कुणी काय बदललं, कोणत्या तारखेला, किती वाजता, सगळ्याची नोंद होते. त्या यादीला हिस्टरी म्हणतात.

नुसती वही लिहिण्या-वाचण्यापुरती. तिला हिशेब करता यावा, चिठ्ठी छापता यावी, यासाठी छोटे प्रोग्राम जोडावे लागतात. त्यांना प्लगइन म्हणतात. शिलाई मशीनला काज करायचा जोड बसवतात ना, तसं. आमचा सगळ्यात कामाचा प्लगइन औषधाच्या मापाचा होता. ऑपरेटरनं पीक निवडायचं, औषध निवडायचं, पंप निवडायचा. एका पंपाला किती औषध, ते छापलेली चिठ्ठी बाहेर यायची.

पंपाची निवड त्यात युनूसनं घातली होती. युनूस पातूरचा. त्याच्या वडिलांचं, रहमतचाचांचं, तिथे स्टँडजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. तो वॉशर आणि नोझलमध्ये वाढला. नंतर अकोल्यात कॉम्प्युटर शिकला आणि आमच्याकडे लागला. पहिल्याच महिन्यात त्यानं मला सांगितलं होतं, "साहेब, कंपनी एकराचं माप लिहिते. माणूस एकर पाठीवर नाही घेत, पंप घेते. साध्या पंपाले एक टोपण औषध लागत असलं, तर पेट्रोलच्या पंपाले तीन लागते. थो बारीक फवारा मारते, पाणी कमी लागते त्याले. हे विचारलंच पाहिजे."

मला हे माहीत नव्हतं. माझी सगळी नोकरी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलेली.

गावात त्या कागदाला 'युनूसची चिठ्ठी' म्हणत. वर संस्थेचं नाव ठळक छापलेलं असायचं, पण ते कुणी वाचत नसे.

आमचा सर्व्हर पुण्यातल्या एका कंपनीकडे होता. प्लगइनमध्ये काही बदल केला की तो मेलनं त्यांना पाठवायचा. त्यांचा माणूस सवडीनं चढवायचा. आठ दिवस लागत. युनूसला ते सहन व्हायचं नाही. "आठ दिवसात मावा सारं झाड खाऊन घेते साहेब," म्हणायचा. शेवटी त्यानं एक पान तयार केलं. ब्राउझरमध्येच उघडायचं. वर मोठा चौकोन, त्यात प्लगइनचा मजकूर. खाली दोन बटणं. एक 'चाचणी', एक 'पब्लिश'. चाचणी दाबलं की बदल एका वेगळ्या नकली वहीत जायचा, तिथे पाहून घ्यायचं. पब्लिश दाबलं की तो थेट सगळ्या केंद्रांवर. कुठलंही सॉफ्टवेअर नको, पुण्याचा माणूस नको. धारणीच्या जीप स्टँडवरच्या सायबर कॅफेत बसून त्यानं एकदा प्लगइन पब्लिश केला आणि मला फोन लावला. "साहेब, पान रिफ्रेश करा." मी केलं. बदल आलेला होता. त्याच्या मागे जीपवाले प्रवाशांना ओरडून बोलावत होते, ते मला फोनवर ऐकू येत होतं.

मला या बटणाची भीती वाटायची. म्हणून मी नियम केला. आधी चाचणी, मग पब्लिश. कागदावर टाइप करून, लॅमिनेट करून, युनूसच्या मॉनिटरच्या वर भिंतीला चिकटवला. एकदा त्यानं एका औषधाच्या नावातली वेलांटी थेट पब्लिश करून सुधारली. हिस्टरीत ते मला दिसलं. सगळ्या ऑपरेटरांची बैठक चालू असताना मी त्याला म्हणालो, "हे ऑफिस आहे. तुझ्या वडिलांचं दुकान नाही." तो म्हणाला, "चूक झाली साहेब." पुन्हा त्यानं ती कधी केली नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. सर्व्हरचं घड्याळ इंग्लंडच्या ग्रिनिच वेळेवर लावलेलं होतं. हिस्टरीत जी वेळ दिसे, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ते बदलून घ्यायचं आमचं ठरलं होतं, पण राहून गेलं. ही गोष्ट ऑफिसात दोघांनाच माहीत होती. मला आणि युनूसला. "आपली वही सायबाच्या घड्याळावर चालते," असं तो हसून म्हणायचा.

तर तो शुक्रवार. दर शुक्रवारी पाऊणच्या सुमाराला युनूस नमाजला जायचा आणि सव्वादोनपर्यंत परत यायचा. जाताना म्हणायचा, "मशीन पाहजा साहेब, येतोच." इंटरनेट त्या एकाच मशीनला होतं. एकदा तुटलं की पुन्हा जोडायला फार वेळ जायचा, म्हणून तो सगळं चालू ठेवून जायचा. विकीही त्याच्याच नावानं उघडी असायची. आम्ही दोघं वर्षानुवर्षं तसेच काम करत होतो. त्यात काही वावगं आहे असं कधी मनात आलं नाही.

दोन वाजता लोडशेडिंग सुरू व्हायचं. बॅटरी महिनाभर बंद पडलेली. मी प्लगइन उघडला. पंपांच्या नावांची यादी समोरच होती. एक, साधा पंप. दोन, पेट्रोल पंप. मी दोन्ही ओळींची अदलाबदल केली. पेट्रोल पंप एक नंबरला आला. मी पब्लिश दाबलं.

खाली, त्याच प्लगइनमध्ये, जिथे हिशेब होता, तिथे लिहिलेलं होतं की दोन नंबर निवडला तर माप तिप्पट कर. ते मी वाचलं नाही. आता साधा पंप दोन नंबरला होता.

चाचणी करायला पाच मिनिटं लागतात. वीज जायला अजून पंधरा-अठरा मिनिटं होती. म्हणजे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही. डबा उघडा होता आणि मला भूक लागली होती.

युनूस आला तेव्हा वीज गेलेली होती. मी त्याला पाहुण्यांचं सांगितलं. बदलाचं सांगायचं डोक्यात होतं, पण मशीन बंद, दाखवणार काय, असं वाटलं. त्याला पाचची एसटी धरायची होती. शनिवार-रविवार तो घरी जायचा, आणि सोमवारी धारणीचं केंद्र दुरुस्त करायला परस्पर तिकडे जाणार होता. तिथे मोबाइल लागत नसे.

शनिवारी पाहुणे आले. मी पान उघडून दाखवलं. पेट्रोल पंप निवडला. माप आलं, एक टोपण. तीन यायला पाहिजे होती. पाहुण्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी फोटो काढले. तायडे साहेब माझ्याकडे पाहून खूश झाल्यासारखे हसले. मीही स्क्रीनकडे पाहत नव्हतो, त्यांच्याकडेच पाहत होतो.

त्या आठवड्यात पावसानं उघडीप दिली. सोयाबीनमध्ये तण माजलेलं, सगळ्यांनी तणनाशक मारायला घेतलं. केंद्रांवर चिठ्ठ्यांसाठी गर्दी झाली.

गुरुवारी सकाळी महादेवभाऊ ऑफिसात आले. पातूरकडचे, साठीचे, आमच्या बैठकांना नेहमी येणारे आणि नेहमी काहीतरी खोचक बोलणारे. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक सोयाबीनचं झाड माझ्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला चिठ्ठी ठेवली. पानं भाजल्यासारखी पांढरट, कडा तपकिरी, शेंडा वाळलेला.

"साहेब, चिठ्ठी मले वाचता येते," ते म्हणाले. "झाडही वाचता येते. दोघायचं जमून नाही राहिलं."

"किती टोपणं टाकली?"

"चिठ्ठीत तीन हाये. तीनच टाकले. पोरगा म्हणे, बाबा, मागच्या साली एकच होतं. म्या म्हटलं, युनूसची चिठ्ठी हाये, तू कोन मोठा डाक्टर लागून गेला." त्यांनी पाठ माझ्याकडे वळवली. "पंप साधाच हाये माहा. पाठ पाहा, पट्टा दिसते अजून."

"सगळं वावर मारलं?"

"अर्ध्यात बाई म्हणे थांबा, वास लय येऊन राहिला. म्या थांबलो असतो तं बरं झालं असतं."

ते गेल्यावर मी प्लगइन उघडला. चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दोन ओळी आणि एक आकडा. मी दुरुस्त केलं. या वेळी चाचणी केली. मग पब्लिश केलं. सगळ्या केंद्रांना फोन केले, आठवड्यातल्या चिठ्ठ्या परत मागवा म्हणून. धारणीचा फोन लागला नाही. पातूरचा ऑपरेटर गजानन म्हणाला, "साहेब, परत मागवून काय करता? मारून झालं सारं." त्याच्याकडे आणखी तीन गावांतून लोक येऊन गेले होते. साध्या पंपवाल्यांचं पीक भाजलं होतं. पेट्रोल पंपवाल्यांचं तण तसंच उभं होतं. सोयाबीन पुन्हा पेरायची वेळ निघून गेली होती. ज्यांचं गेलं त्यांचा तो हंगाम गेला.

तायडे साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. "कुणी केलं हे?"

हिस्टरी स्क्रीनवर उघडीच होती. शुक्रवारची तारीख. त्यापुढे, yunus. त्यापुढे, 08:12.

मी काही बोललो नाही. खरं तर त्या क्षणी मी खोटंही बोललो नव्हतो. साहेबांनीच वाचलं. "युनूस," ते म्हणाले. "पेट्रोल पंप वर घ्या, असं तुम्ही सांगितलंत त्याला, आणि त्यानं हे करून ठेवलं. त्याला बोलावून घ्या."

युनूस दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आला. धारणीहून जीपनं परतवाडा, तिथून एसटी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. त्याला निरोपात काय झालं ते अर्धवट कळलं होतं. बैठक युनूसच्या मशीनच्या खोलीतच झाली, आम्ही तिघंच होतो. तायडे साहेबांनी हिस्टरीचं छापलेलं पान त्याच्यापुढे सरकवलं.

"हे तुझं नाव आहे?"

"हो साहेब."

"सकाळी आठ बारा. ऑफिस उघडायच्याही आधी. चाचणी नाही, काही नाही. एवढी कसली घाई होती?"

त्यांचा स्वतःचा फोन त्या शुक्रवारी दुपारी आला होता, हे साहेब विसरले होते, आणि मी आठवण करून दिली नाही.

युनूसनं कागद उचलून जवळ धरला. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याचे ओठ हलले. तो मिळवत होता. आठ बारामध्ये पाच तास, तीस मिनिटं. एक बेचाळीस. शुक्रवार. एक बेचाळीसला तो मशिदीत रांगेत उभा होता. आणि ऑफिसात एकच माणूस होता.

त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि मान वर केली.

"वानखडे साहेब," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, रोज मला एखादी शंका विचारायचा तसा. "हा टाइम बरोबर हाये ना?"

त्याला उत्तर माहीत होतं. तायडे साहेबांसमोर तो स्वतः बोलू शकला असता. त्यानं ते माझ्यावर सोपवलं.

भिंतीवरचा लॅमिनेट केलेला नियम मला दिसत होता. खाली माझी सही होती. ऑपरेटरांच्या बैठकीत त्याला काय बोललो होतो तेही आठवत होतं. माझी नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मनात आलं, आत्ता नको, नंतर साहेबांना एकट्यात सांगू.

"हो," मी म्हणालो. "बरोबर आहे."

युनूसनं माझ्याकडे थोडं पाहिलं. राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. पंप उघडल्यावर आत वॉशरच नाही असं दिसलं, तर माणूस जसा पाहतो, तसा तो पाहत होता.

"मंग माहंच नाव हाये तं माहंच असन," तो म्हणाला. "आणा, कुठं सही करू?"

तायडे साहेबांनी त्याला त्याच दिवशी काढलं. आपलं सामान घेताना तो मला म्हणाला, "मोडेमची वायर ढिली हाये साहेब. मागून दाबून ठेवत जाजा." मी म्हणालो, "बघतो."

एकट्यात सांगायचं मी आठवडाभर पुढे ढकललं. मग त्याच्या जागी दुसरा माणूस आला. मग ते सांगण्यात अर्थ नाही असं मी स्वतःला पटवलं.

पंधरवड्यानं नुकसान पाहायला मी गजाननबरोबर पातूरकडे गेलो. महादेवभाऊंच्या वावरात कुणीतरी पाठीवर पंप घेऊन फवारत होतं. जवळ गेलो तर युनूस. बांधावर महादेवभाऊ बसले होते.

"काय मारतोय तो?" मी विचारलं.

"पाणी," महादेवभाऊ म्हणाले. "नुसतं पाणी. आठ दिवस झाले, वावरोवावर फिरून राहिला. म्या सांगलं, बाप्पा, मेलेल्याले पाणी पाजून काय होते? ऐकत नाही. मारू दे म्हटलं. त्याचं त्याले बरं वाटत असन."

भाजलेल्या पानाला पाण्यानं काही होत नाही, हे युनूसला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. तो ओळ संपवून वळला. त्यानं आम्हाला पाहिलं, हात वर केला, आणि पुढच्या ओळीला लागला. गजानन म्हणाला, रहमतचाचांच्या दुकानात आता लोक पंप आणत नाहीत. आणला तरी म्हणतात, चाचा, तुम्हीच पाहा, पोराच्या हाती देऊ नका. मी रजिस्टरमध्ये नुकसान लिहून घेतलं. कारणाच्या रकान्यात गजाननच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं, चुकीची चिठ्ठी.

दोन वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात तायडे साहेबांनी त्या नियमाचा उल्लेख केला. आधी चाचणी, मग पब्लिश. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी पातूरला गेलो. खास गेलो. निमित्त म्हणून अंगणातल्या झाडांचा छोटा हातपंप पिशवीत घेतला. तो थोडा गळत होता. एसटीत बसून मी वाक्य तयार केलं, दोनदा-तीनदा मनात म्हणून पाहिलं.

दुकान तेच होतं. रहमतचाचा गेले होते, गल्ल्याच्या वर त्यांचा फोटो होता. युनूस खाली पाटावर बसून नोझल साफ करत होता. केस पिकले होते. मला पाहून तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं.

"वानखडे साहेब. बसजा. अमरावतीहून आले?"

समोरच्या बाकावर महादेवभाऊ बसलेले होते. आता काठी आली होती. मला ओळखून म्हणाले, "चिठ्ठी नाही लिहीत आता हा. तोंडानंच सांगते. मले बरं पडते, चष्मा लागत नाही." म्हणजे लोक परत आले होते. किती वर्षांनी आणि कसे आले, ते मी विचारलं नाही.

महादेवभाऊ आहेत तोवर बोलता येणार नाही, असं मी ठरवलं. अर्ध्या तासानं ते गेले. आम्ही दोघंच राहिलो. चहा आला. युनूसनं माझा पंप उघडला, जुना वॉशर काढून मला दाखवला, नवा बसवला. त्याची बोटं पूर्वी कीबोर्डवर चालायची तशीच भरभर चालत होती.

मग खाली मान घालूनच त्यानं विचारलं, "साहेब, त्या वहीचं घड्याळ दुरुस्त केलं का हो मंग? का सायबाच्याच टाइमवर राहिलं?"

यापेक्षा सोपा दरवाजा कुणी कुणाला उघडून देणार नाही.

"तसंच राहिलं," मी म्हणालो. "नंतर बंदच पडलं सगळं."

"असं," तो म्हणाला. पंपात पाणी भरून त्यानं दोन दट्टे मारले. गळत नव्हता. "झाला. आता नाही गळत." त्यानं तो पुसून माझ्या पिशवीत ठेवला आणि स्टँडपर्यंत मला सोडायला आला. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. मी त्याच्या मुलांची शाळा विचारली. पाऊस विचारला.

मागच्या वर्षी गजाननचा फोन आला. युनूस गेला. दुकानातच छातीत दुखायला लागलं, अकोल्याला नेईपर्यंत संपलं. गजाननला माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं एवढंच माहीत. "तुमाले लय मानत होता साहेब," तो म्हणाला. "कधी वाईट बोलला नाही."

शिवारवहीची एक प्रत मी निवृत्त होताना पेन ड्राइव्हवर घेतली होती. फोन ठेवल्यावर ती कॉम्प्युटरला लावली, ब्राउझरमध्ये उघडली. औषधाच्या प्लगइनची हिस्टरी काढली. ती ओळ होती. yunus, 08:12. विकीत जुनी नोंद खोडता येत नाही, तिच्याखाली नवी टीप तेवढी लिहिता येते. मी टीप लिहिली आणि पब्लिशचं बटण दाबलं. 'बदल सर्व केंद्रांवर पाठवला' अशी ओळ आली. केंद्रं उरलेली नाहीत. ती टीप माझ्या अमरावतीच्या घरातल्या या एका मशीनवर आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्यानं या कामात आलेल्यांना माझा अनुभव एवढाच सांगतो. खुर्चीवर बसल्यावर दुसऱ्याचं लॉगिन उघडं दिसलं, तर आधी ते बंद करा. वेळ कितीही कमी असो. चाचणी करा. सर्व्हरचं घड्याळ पहिल्याच दिवशी आपल्या वेळेवर लावून घ्या. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पातूरच्या एसटीत बसून जे वाक्य मी तयार केलं होतं, ते असं होतं. युनूस, तो टाइम बरोबर नव्हता. एक बेचाळीस झाले होते, तू नमाजला गेला होतास, आणि तुझ्या खुर्चीवर मी बसलो होतो.